एक बिल, चार वह्या : कॉम्प्युटरच्या हिशेबात मेळ कसा घालावा

कापडाचा व्यापार पूर्वी दोन वह्यांवर चालत असे. माल देणाऱ्याच्या वहीत नावे आणि माल घेणाऱ्याच्या वहीत जमा. दोघे वर्षातून एकदा समोरासमोर बसत, रकमा वाचत, तफावत निघाली तर जुने बीजक शोधत आणि चहा पिऊन हिशेब मिटवत. आज तेच बिल किमान चार ठिकाणी लिहिले जाते. ही चार ठिकाणे चार वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर असतात, त्यांची पॅकेजे वेगळी असतात, आणि त्यांच्यात कुठेही फरक पडला तर त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा माल घेणाऱ्या छोट्या दुकानदाराला बसतो.

आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांची अशी समजूत आहे की हा विषय करसल्लागाराचा आहे, आपला नाही. ही समजूत महाग पडते. पैसा आपला असतो, माल आपण आणलेला असतो आणि बिलावरचा नंबर बरोबर की चूक हे दुकानात बिल हाती येते त्याच घडीला दिसू शकते. म्हणून हे प्रकरण मुळापासून समजून घेऊ.

चार वह्या कोणत्या?

समजा, बीडच्या सुभाष रोडवरील एका दुकानदाराने मालेगावहून २ लाख रुपयांचे कापड मागवले. पहिली वही मालेगावच्या व्यापाऱ्याची. तेथे त्याच्या कॉम्प्युटरवर, समजा बिझी नावाच्या पॅकेजमध्ये, बिल तयार होते. दुसरी वही सरकारची. मालेगावचा व्यापारी दरमहा किंवा दर तिमाहीला आपल्या विक्रीची बिले जीएसटीआर-१ या विवरणात भरतो आणि ती जीएसटी नेटवर्कच्या सर्व्हरवर जातात. तिसरी वही बीडच्या दुकानातल्या काउंटरवरची. गठाण उघडली की माल मोजून त्यावर बारकोड लावतात आणि खरेदी बिलिंगच्या पॅकेजमध्ये चढवतात. चौथी वही करसल्लागाराच्या कार्यालयात, बहुधा टॅलीमध्ये.

टॅलीचा जन्म कापडाच्या जगाजवळच झाला. श्यामसुंदर गोएंका हे कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवीत असत. आपला हिशेब नीट ठेवील असे पॅकेज त्यांना बाजारात मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेला मुलगा भरत याला ते तयार करायला सांगितले. १९८६ साली बंगलोरमध्ये, म्हणजे आजच्या बंगळुरूत, पियुट्रॉनिक्स या नावाने ते काम सुरू झाले. पुढे त्याचेच टॅली झाले. भरत गोएंका यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. मुद्दा असा की टॅली असो वा बिझी, ही पॅकेजे एका दुकानाचा हिशेब एका जागी ठेवण्यासाठी बनली. एका दुकानाच्या पॅकेजने दुसऱ्या दुकानाच्या पॅकेजशी बोलावे ही गरज नंतर आली, आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर ती सक्तीची झाली.

पैसा कुठे अडकतो?

वरच्याच व्यवहाराचा आकडा मांडू. २ लाखांच्या कापडावर ५ टक्क्यांनी १० हजार रुपये कर. मालेगाव महाराष्ट्रात असल्याने ५ हजार केंद्राचा आणि ५ हजार राज्याचा. माल सुरतेहून आला असता तर हे १० हजार एकत्रित कर म्हणून लागले असते. दुकानदाराने तो माल अडीच लाखांना विकला आणि गिऱ्हाइकांकडून १२ हजार ५०० रुपये कर घेतला. आधी दिलेले १० हजार वजा करून त्याने सरकारला २ हजार ५०० भरायचे. या वजावटीला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात.

पूर्वी हातात बिल असले, माल मिळालेला असला की वजावट घेता येत असे. सरकारने हळूहळू दोर आवळला. ऑक्टोबर २०१९ पासून नियम आला की पुरवठादाराने जी बिले सर्व्हरवर चढवली आहेत त्यांच्या वजावटीवर फार तर २० टक्के जास्तीची वजावट घेता येईल. जानेवारी २०२० पासून ती सवलत १० टक्के झाली, जानेवारी २०२१ पासून ५ टक्के. १ जानेवारी २०२२ पासून तीही संपली. आता बिल जीएसटीआर-२बी या तक्त्यात दिसले तरच वजावट. हा तक्ता पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून सर्व्हर स्वतः बनवतो आणि पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला आपल्या खात्यात ठेवतो.

म्हणजे मालेगावच्या कॉम्प्युटरवर आपला जीएसटी नंबर एका अक्षराने चुकला तर ते बिल आपल्या तक्त्यात येत नाही. दुकानदाराला २ हजार ५०० च्या जागी पूर्ण १२ हजार ५०० भरावे लागतात. या मालावर त्याला भाडे, पगार, वीज जाण्याआधी ५० हजार सुटले होते. त्यातला पाचवा हिस्सा अडकून पडला. तक्त्यात नसताना वजावट घेऊन वापरून टाकली, तर पुढे रक्कम परत करताना १८ टक्के व्याज. ज्या दुकानदाराचे सगळे भांडवल दोन-चार गठाणींत फिरते, त्याला असे तीन-चार बिल अडकले की ईदचा माल भरायला उधारी शोधावी लागते.

बीडला हा प्रश्न जुनाच आहे

दोन वेगळ्या पद्धतींच्या वह्यांचा मेळ घालणे हे बीडच्या व्यापाऱ्याला नवे नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, इंग्रजी मुलखात. इकडे हाली सिक्का चाले, तिकडे कलदार रुपया. इकडे सरकारी कामात फसली सन, तिकडे इसवी सन. १९५० साली ७ हाली बरोबर ६ कलदार असा भाव ठरला आणि हाली सिक्का १९५९ मध्ये कायमचा बंद झाला.

या काळात बीडच्या वहीत ७०० आणि नगरच्या वहीत ६०० ही रक्कम एकाच मालाची असू शकत होती आणि दोन्ही वह्या खऱ्या होत्या. रकमेपुढे हाली की कलदार हे लिहिलेले असले आणि बट्टा कोणत्या भावाने धरला हे ठरलेले असले की वाद संपत असे. ते लिहायचे राहिले तर ७ चे ६ कसे झाले यावर भांडण ठरलेलेच. दोन पॅकेजांमध्ये माहितीची देवाणघेवाण करणे म्हणजे हेच काम आहे. दोघांनी आपली वही आपल्या पद्धतीने ठेवावी, पण कोणत्या शब्दाला, नंबराला, मापाला दुसरीकडे काय म्हणतात हे आधी ठरवावे आणि लिहून ठेवावे.

मोठ्या जगानेही हा धडा असाच घेतला. १९४८-४९ मध्ये रशियाने पश्चिम बर्लिनचे जमिनीचे रस्ते बंद केले, तेव्हा अमेरिका आणि ब्रिटनने विमानांनी कोळसा आणि धान्य पोहोचवले. प्रत्येकाचे कागद वेगळे, त्यामुळे कोणत्या विमानात काय आले हे कळेना. एडवर्ड गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मालाच्या यादीचा एकच ठरीव नमुना बनवला, जो टेलेक्सवरून पाठवता येईल. तीच कल्पना पुढे वाढत गेली आणि १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेतून एडिफॅक्ट नावाचा व्यापारी कागदपत्रांचा जागतिक नमुना आला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालेले ई-इनव्हॉइस त्याच वाटेवरचे आहे. सुरुवातीला ते ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना होते. मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. अशा व्यापाऱ्याचे बिल आधी सरकारी सर्व्हरवर ठरीव नमुन्यात जाते, तेथून ६४ अक्षरांचा एक क्रमांक आणि क्यूआर कोड घेऊन परत येते, आणि त्याची माहिती आपोआप जीएसटीआर-१ मध्ये जाते. बिल हाताने दोनदा टाइप होत नसल्याने नंबर बदलण्याची भीती कमी. आपले बरेच छोटे पुरवठादार मात्र ५ कोटींच्या खाली आहेत. त्यांच्या बिलांकडे आपल्यालाच लक्ष द्यावे लागते.

मशीन नाव वाचत नाही, नंबर वाचते

आपल्या समाजात नावांचा घोटाळा जुना आहे. एकच शेख इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिला जातो. सय्यदचेही तसेच. मोहंमद कुठे पूर्ण, कुठे एमडी, कुठे एमओएचडी. पॅन कार्डावर एक, बँकेत दुसरे, आधारवर तिसरे. माणूस हे वाचून समजून घेतो. कॉम्प्युटर एक अक्षर वेगळे दिसले की दुसरा माणूस समजतो.

समाधानाची गोष्ट ही की जीएसटीचा सर्व्हर बिल कोणाचे हे नावावरून ठरवत नाही, १५ अक्षरांच्या जीएसटी नंबरावरून ठरवतो. हा नंबर वाचायला इंग्रजी भाषा यावी लागत नाही, फक्त अक्षरे आणि आकडे ओळखता यावे लागतात. पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्र २७, गुजरात २४, कर्नाटक २९, तेलंगणा ३६. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन : पाच अक्षरे, चार आकडे, एक अक्षर. त्यातले चौथे अक्षर पी असेल तर धंदा एका व्यक्तीच्या नावावर, एफ असेल तर भागीदारी पेढी, सी असेल तर कंपनी. तेरावे स्थान त्या पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगते. चौदावे साधारणपणे झेड. पंधरावे अक्षर आधीच्या चौदांवरून हिशेबाने निघते, म्हणून एखादे अक्षर चुकले तर चांगले पॅकेज लगेच अडवते.

गफलत कुठे होते? ओ आणि शून्य, आय आणि एक, एस आणि पाच यांत. आकड्यांच्या जागी आकडा आणि अक्षरांच्या जागी अक्षर आहे ना एवढे पाहिले तरी निम्मी चूक सापडते. दुसरी गफलत जास्त त्रासाची आहे : नंबर खरा असतो पण दुसऱ्याचा असतो. मालेगाव आणि भिवंडी दोन्हीकडे एकाच नावाची दोन दुकाने असतात आणि कारकून यादीतून वरचे नाव निवडून मोकळा होतो. म्हणून खात्याच्या नावातच गावाचे नाव आणि जीएसटी नंबराची शेवटची चार अक्षरे लिहावीत.

गावांच्या नावांचाही विचार हवा. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. एका पॅकेजमध्ये जुने नाव, दुसऱ्यात नवे. बीडही इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. पत्त्यात पिनकोड नेहमी लिहावा. बीड शहराचा ४३१ १२२ हा सगळीकडे एकच राहतो, स्पेलिंग काही का असेना.

बिल नंबर, तारीख आणि माप

जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा, त्यात अक्षरे, आकडे, आडवी रेघ आणि तिरपी रेघ एवढेच चालते, आणि एका आर्थिक वर्षात तो नंबर पुन्हा येता कामा नये. मालेगावच्या बिलावर नंबरापुढे पेढीची आद्याक्षरे आणि मागे वर्ष असेल आणि आपल्या कारकुनाने नुसता मधला १०४ आकडा टाकला, तर मेळ घालणाऱ्या पॅकेजला ही दोन वेगळी बिले वाटतात. एक सर्व्हरवर आहे पण वहीत नाही, दुसरे वहीत आहे पण सर्व्हरवर नाही, असा अहवाल येतो आणि माणूस घाबरतो. छापलेला नंबर जसा आहे तसाच, रेघांसह चढवावा.

तारखेचेही असेच. ०४/०५ म्हणजे आपल्याकडे ४ मे, पण कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर लावलेला असेल तर ५ एप्रिल. टॅलीच्या एक्सएमएल फाइलमध्ये तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी सलग आठ आकड्यांत असते. जीएसटीच्या जेसन फाइलमध्ये दिवस आधी. पॅकेज स्वतः फाइल बनवत असेल तर ते हे सांभाळते. मधे कोणी एक्सेलमध्ये हात घातला की बिघडते.

एक्सेलबद्दल खास सावध राहावे, कारण आपल्याकडे निम्मी देवाणघेवाण त्यातूनच होते. ५-१० असा बिल नंबर एक्सेल तारीख समजतो. ००१२ मधली पुढची शून्ये गिळून १२ ठेवतो. १५ आकड्यांपेक्षा लांब संख्येचे शेवटचे आकडे शून्य करतो. बारा आकड्यांचा ई-वे बिल नंबर आखूड करून विचित्र रूपात दाखवतो. उपाय सोपा आहे : नंबरांच्या रकान्यांना आधी टेक्स्ट हा प्रकार लावायचा, मगच त्यात माहिती भरायची.

मापाचा मामला खास कापडवाल्यांचा. आपण ताका, थान, गठाण, वार, मीटर, नग अशा भाषेत बोलतो. जीएसटीच्या यादीत मीटरला एमटीआर, वाराला वायडीएस, नगाला पीसीएस, गठाणीला बीएएल, रोलला आरओएल असे कोड आहेत. ताका आणि थान यांना कोड नाही. एका ताक्यात किती मीटर हे तर मालागणिक बदलते. पुरवठादाराने १० ताके लिहिले आणि आपण काउंटरवर मीटरने विकतो, तर खरेदी चढवतानाच ताक्याचे मीटर करून घ्यावेत. नाही तर बिलाची रक्कम जुळते पण वर्षाअखेरीस मालाचा साठा जुळत नाही.

एचएसएन कोड तसाच. सुती कापड ५२ व्या प्रकरणात, रेशीम ५० मध्ये, सिंथेटिक फिलामेंटच्या धाग्याचे ५४ मध्ये, तयार कपडे ६१ आणि ६२ मध्ये, चादर-टॉवेल ६३ मध्ये. व्यापाऱ्याला विकताना उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर चार आकडे पुरतात, वर असेल तर सहा लागतात. तयार कपड्यांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला : नग २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के. काउंटरच्या पॅकेजमध्ये दर बदलला आणि टॅलीत जुनाच राहिला, असे होऊ देऊ नये.

दुकानातून टॅलीत माहिती नेताना

आता आपल्याच घरातली गोष्ट. काउंटरचे पॅकेज दुकानात, टॅली करसल्लागाराकडे. बऱ्याच ठिकाणी महिन्याची बिले पिशवीत भरून जातात आणि तेथे पुन्हा टाइप होतात. दोनदा टाइप केले की चुकीला दोन संधी. काउंटरचे पॅकेज फाइल काढून देत असेल तर तीच टॅलीत घ्यावी. पण फाइल नेण्याचे काही कायदे आहेत, ते जुन्या मुनिमांच्या कायद्यांसारखेच आहेत.

पहिला कायदा : आधी खाती, मग बिले. टॅली फाइलमधले खाते नावावरून शोधते. त्या नावाचे खाते नसेल तर खाते अस्तित्वात नाही असे सांगून बिल नाकारते. एक जादा जागा किंवा टिंब सुद्धा पुरते. दोन्ही पॅकेजांतल्या पार्ट्यांची, मालाची, मापाची आणि कराच्या खात्यांची नावे समोरासमोर मांडून एक तक्ता करावा. टॅलीत एकाच खात्याला दुसरे नाव देण्याचीही सोय आहे, तिचा फायदा घ्यावा.

दुसरा : पाठवण्याआधी आणि घेतल्यावर दोन आकडे जुळवावेत, बिलांची संख्या आणि एकूण रक्कम. दुकानातून १८६ बिले निघाली आणि टॅलीत १८३ पोहोचली, तर उरलेली तीन कुठे अडकली हे त्याच दिवशी शोधावे. रक्कम जुळली आणि संख्या जुळली नाही तरी समाधान मानू नये.

तिसरा : एकच फाइल दोनदा घेऊ नये. फाइल घेतली की एका साध्या वहीत तारीख, फाइलचे नाव, संख्या, रक्कम आणि घेणाऱ्याची सही करावी. लाइट गेली, मशीन बंद पडली, म्हणून पुन्हा फाइल घेतली आणि सगळी खरेदी दुप्पट झाली, असे प्रकार या वहीमुळे टळतात. फाइल घेण्याआधी टॅलीचा बॅकअप घ्यावा.

चौथा : चूक जिथे झाली तिथेच दुरुस्त करावी. काउंटरवर चुकलेले बिल टॅलीत दुरुस्त केले तर पुढच्या वेळी काउंटरची फाइल पुन्हा तीच चूक घेऊन येते. मूळ ठिकाणी दुरुस्ती, मग पुन्हा पाठवणी.

पाचवा : पैशांची रक्कम पूर्ण रुपयात आणण्याची पद्धत दोन्हीकडे एकच ठेवावी. तीस-चाळीस पैशांचा फरक कर बुडवत नाही, पण शेकडो बिलांत खरी चूक त्याच्याआड लपते.

१४ ते २० हे सहा दिवस

दरमहा विवरण भरणाऱ्याला जीएसटीआर-३बी भरण्याची मुदत साधारणपणे २० तारीख असते. २बी तक्ता १४ ला येतो. म्हणजे मेळ घालायला सहा दिवस. या दिवसांत करायचे काम असे.

तक्ता उतरवून घ्यावा आणि आपल्या खरेदीशी जुळवावा. टॅली प्राइमसारख्या पॅकेजमध्ये ही सोय आहे, नाही तर एक्सेलवरही होते. बिलांचे चार ढीग करावेत : दोन्हीकडे जुळणारी, दोन्हीकडे आहेत पण रकमेत फरक, फक्त आपल्या वहीत, फक्त सर्व्हरवर. पहिल्या ढिगाकडे पाहायची गरज नाही.

फक्त आपल्या वहीत असलेल्या बिलाचे कारण पुरवठादाराला विचारावे. तो तिमाही विवरण भरणारा असेल तर पहिल्या दोन महिन्यांची बिले त्याला पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आधीच चढवता येतात. ही सोय तो वापरत नसेल तर आपली वजावट त्याचे तिमाही विवरण येईपर्यंत लांबते. भाव ठरवतानाच हे बोलून घ्यावे. त्याने आपला नंबर चुकवला असेल तर त्याने पुढच्या विवरणात दुरुस्ती करावी. एका आर्थिक वर्षाच्या बिलांची वजावट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरण भरेपर्यंत, जे आधी होईल तोवर घेता येते. त्यानंतर तो पैसा गेला.

फक्त सर्व्हरवर दिसणारे बिल तितकेच महत्त्वाचे. माल आला पण बिल चढवायचे राहिले असेल, किंवा दुसऱ्याचे बिल चुकून आपल्या नंबरावर आले असेल. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम आली आहे. तेथे प्रत्येक बिल मंजूर, नामंजूर किंवा प्रलंबित असे सांगता येते. काहीच केले नाही तर मंजूर समजले जाते. जो माल आपण घेतलाच नाही त्याचे बिल गप्प राहून कबूल करू नये.

मेळ बसला तरी दोन अटी उरतात. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते, आणि पैसे दिल्यावर ती पुन्हा मिळते. लांब उधारीवर माल घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि पुरवठादाराने बिल चढवले पण कर भरलाच नाही, वर्ष संपल्यावरच्या ३० सप्टेंबरपर्यंत त्याचे ३बी आलेच नाही, तर आपल्याला ३० नोव्हेंबरपर्यंत ती वजावट मागे घ्यावी लागते. त्याने पुढे भरला की ती पुन्हा घेता येते. एकूण, पुरवठादार निवडताना भाव आणि मालासोबत त्याची विवरणे वेळेवर जातात का हेही पाहण्याचे दिवस आले आहेत. पोर्टलवर जीएसटी नंबर टाकला की त्याने कोणत्या महिन्याचे विवरण केव्हा भरले ते कोणालाही दिसते. आपलेही दिसते. आपण ज्यांना ठोक माल विकतो ते आपल्याकडे याच नजरेने बघत असतात. उशिरा विवरण भरणाऱ्या छोट्या घाऊक व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक भांडण न करता दुसरीकडे निघून जाते.

कारागिरांनी काय करावे?

शिलाई, भरतकाम, रंगाई करणारे आपले कारागीर म्हणतील, आमचा याच्याशी काय संबंध? दुसऱ्याच्या कापडावर मजुरीने काम करणे ही जीएसटीच्या भाषेत सेवा आहे आणि महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांपर्यंतच्या सेवेला नोंदणी लागत नाही. बहुतेक कारागीर या मर्यादेत बसतात. पण कापड देणारा व्यापारी ते चलनावर पाठवतो आणि एक वर्षाच्या आत माल परत आल्याची नोंद त्याला दाखवावी लागते. वर्ष उलटले तर तो माल पाठवला त्याच दिवशी विकला असे धरले जाते आणि कर लागतो. म्हणून व्यापाऱ्याला असा कारागीर हवा असतो ज्याच्याकडे कोणत्या चलनाचे किती मीटर आले आणि किती नग बनून गेले याचा पत्ता लागतो.

यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. शंभर पानी वही घ्यावी. चलन नंबर, तारीख, आलेले मीटर, परत गेलेले नग, उरलेली चिंधी आणि घेणाऱ्याची सही, असे सहा रकाने. मजुरीच्या पावतीवर व्यापाऱ्याचाच चलन नंबर लिहावा. तो नंबर व्यापाऱ्याच्या टॅलीत आहे आणि कारागिराच्या वहीतही आहे, म्हणजे दोन वह्यांचा धागा जुळला. मजुरीचा वाद निघाला तरी हीच वही कारागिराच्या कामी येते.

चावी आपल्याकडे ठेवावी

शेवटी एक गोष्ट जरा स्पष्ट सांगावी लागते. अनेक दुकानांत जीएसटी खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि ई-मेल करसल्लागाराच्या कार्यालयातल्या एखाद्या मुलाचा असतो. पासवर्ड मालकाला माहीत नसतो. तो मुलगा नोकरी सोडून गेला की मालक स्वतःच्याच वहीबाहेर उभा. सल्लागाराने काम करावे, त्याची फी त्याला खुशीने द्यावी, पण मोबाइल आणि ई-मेल मालकाचा किंवा घरातल्या जबाबदार माणसाचा असावा. टॅलीचा बॅकअप महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर मागून घ्यावा आणि तो दुकानाबाहेर, घरी ठेवावा. काउंटरच्या पॅकेजवाल्याला नवीन पॅकेज घेतानाच विचारावे : माझी सगळी माहिती फाइलमध्ये बाहेर काढून मिळेल का, आणि ती टॅलीत जाईल का? नीट उत्तर मिळत नसेल तर पॅकेज कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

घरात बारावी-पदवी शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांना दर महिन्याच्या १४ तारखेला एक तास या कामाला बसवावे. बिलावरचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख आणि रक्कम, या चार गोष्टी तक्त्याशी ताडून बघायला त्यांना एका दिवसात येते. येत्या १४ तारखेला फक्त सर्वांत मोठ्या दहा बिलांपासून सुरुवात केली तरी आपला किती पैसा कोणाच्या कॉम्प्युटरमध्ये अडकला आहे हे समजेल.